लाख भरला की नाही

मी चौथी पास आहे. माझं माहेर जवळा बाजारच्या बाजूला. शाळा मारुतीच्या देवळात भरायची आणि देवळात कीर्तन असलं की बंद राहायची. राज्य निजामाचं होतं, म्हणून उर्दूचंही एक पुस्तक होतं. ते मला शेवटपर्यंत आलं नाही. गणित आलं. गणिताला फार हुशारी लागते असं लोक म्हणतात, तसं काही नाही. गप्प बसून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करायची तयारी लागते, ती माझ्यात होती.

मास्तरांनी एकदा फळ्यावर लाख लिहिला. एकावर पाच शून्यं. म्हणाले, हा आकडा दिसायला मोठा, पण ह्याच्या घरात दोन आणि पाच सोडून तिसरं कुणी राहत नाही. मग त्यांनी तो निम्मा निम्मा करून दाखवला. पन्नास हजार, पंचवीस हजार, साडेबारा हजार, सव्वासहा हजार, तीन हजार एकशे पंचवीस. पाच वेळा निम्मा झाला आणि तिथं दोनाचं काम संपलं. पुढं पाचानं कापायला घेतला, तोही बरोबर पाच वेळा कापला गेला आणि खाली एक राहिला. बाकी कुणाला तो दाद देत नाही. तीननं भागा, एक उरतो. नऊनं भागा, एकच उरतो. सातनं भागा, पाच उरतात. तीननं भाग जातो की नाही हे बघायला भागाकार करावा लागत नाही, नुसती आकड्यांची बेरीज करायची आणि ती तीनच्या पाढ्यात येते का बघायचं, असंही त्यांनी सांगितलं. लाखाची बेरीज एक. असं का होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मला अजूनही माहीत नाही. पण मी आयुष्यभर तपासून पाहिलं, कधी चुकलं नाही.

तेराव्या वर्षी माझं लग्न झालं. सासर गोरेगावाकडं, तिथून वऱ्हाडची हद्द जवळ. घरात तीन भाऊ, तीन सुना आणि सासू. सासरे आधीच वारले होते आणि घर सासूच चालवायची. तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो. मी सगळ्यात धाकटी. मधल्या जावेला दोन मुली आणि एक मुलगा होता. थोरलीला काही नव्हतं. तिच्या लग्नाला तेव्हा दहा वर्षं झाली होती.

थोरलीला मी अक्का म्हणायचे. ती कुरुंद्याकडची, उंच, हाडानं मोठी, कामाला भराभर. तिनं मला जीव लावला असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. तिनं मला कामाला लावलं. पण स्वतः केलं त्यापेक्षा जास्त कधी लावलं नाही, आणि माझी भाकरी करपली तर ती आपल्या ताटात घ्यायची. घरात एवढं कुणी करत नव्हतं.

मूल नाही म्हणून जे करायचं ते सगळं करून झालं होतं. उपास, अंगारे, झाडपाला, पिराला चादर. थोरल्या दिरांनाही काही औषध द्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही. शेवटी आत्याबाईनं भटजींना विचारलं. त्यांनी लक्षवातीचं व्रत सांगितलं. चातुर्मासात घरच्या कापसाच्या एक लाख वाती घरच्या बायकांनी वळायच्या आणि कार्तिकी पौर्णिमेला महादेवापुढं तुपात भिजवून जाळायच्या. नियम सोपा होता. जास्त झाल्या तर दोष नाही. एक जरी कमी पडली तर व्रत झालंच नाही, पुन्हा पहिल्या वातीपासून सुरुवात करायची.

भटजी गेल्यावर आत्याबाई ओसरीवर बसली आणि आम्हा तिघींना बोलावलं.

"लाख म्हंजे किती गं धाकले? तू शिकलेली हायेस."

तिला विसापर्यंत मोजता यायचं. त्यापुढं ती विसा मोजायची. आमच्याकडं बहुतेक बायकांची तीच रीत होती. मी म्हणाले, "पाच हजार विसा."

"अन तिघीत वाटल्या तर?"

"वाटता येत न्हाई बराबर. सोळाशे सहासष्ट विसा येकीला. मंग दोन विसा उरतात."

"उरतात म्हंजे? एवढ्या मोठ्या लाखाला तिघीत वाटता येईना?" मधली म्हणाली. "तुझ्या मास्तरनं अर्धंच शिकवलं का काय?"

"त्या दोन विसा मी वळते," अक्का म्हणाली. "माझ्यासाठीच चाललंय की सगळं."

तेव्हा अक्काच्या वाट्याला सोळाशे अडुसष्ट विसा आणि आमच्या दोघींच्या वाट्याला सोळाशे सहासष्ट सोळाशे सहासष्ट, असं ठरलं.

ऐकायला वाती वळणं हे बसल्याजागचं काम वाटतं. आधी कापूस निवडायचा, सरकी हातानं काढायची, कारण यंत्रावर पिंजलेला कापूस देवाला चालणार नाही असं भटजींनी सांगितलं होतं. मग कापसाचा जरा लांब पेळू ओढायचा, बोटाला राख लावायची आणि तळहातावर तळहात घासून पीळ द्यायचा. वीस झाल्या की सुतानं बांधून एक जुडी करायची. दर महिन्याचे चार दिवस शिवायचं नाही. ते वजा केले तर रोज सोळा जुड्या झाल्याच पाहिजेत, तर कुठं चार महिन्यांत काम बसतं. म्हणजे दिवसाला तीनशे वीस वाती. घरचं, शेतातलं, गोठ्यातलं सगळं करून. श्रावणात खुरपणीला जाऊन आलं की हात ओले, चिरलेले, आणि त्याला राख. भाद्रपदात माझ्या उजव्या तळहाताचं कातडं निघालं. माझं पहिलं पोर तेव्हा चार महिन्यांचं होतं. त्याला अंगावर घेऊन मी वाती वळल्या आहेत.

मोजण्याचा एक नियम आत्याबाईनं घातला होता. वाती धान्यासारख्या मोजायच्या, कारण देवाचं काम शुभ. खळ्यावर धान्य मापताना आमच्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार, असं पुढं. मी तसंच मोजायचे, मधलीही तसंच मोजायची. अक्का शेजारी बसून मोजायची तेव्हा मला ऐकू यायचं, लाभ, एक, दोन, तीन. तिच्या बापाच्या घरी तीच रीत होती. पहिलं माप देवाचं, ते मोजणीत धरायचं नाही, त्याच्यानंतर एक. म्हणजे तिच्या जुडीत एकवीस वाती जायच्या. माझ्या ते पहिल्या आठवड्यातच ध्यानात आलं. मी काही बोलले नाही. जास्त झाल्या तर दोष नव्हता, आणि माहेरची रीत चुकीची आहे असं थोरल्या जावेला सांगणाऱ्यातली मी नव्हते.

जुडी बांधून झाली की जिची तिनं आत्याबाईला सांगायचं. आत्याबाई एक चिंचोका रांजणात टाकायची. चातुर्मास संपता संपता तिनं ते चिंचोके अंगणात ओतले आणि मला मोजायला बसवलं. पाच हजार भरले. ती रांजणाच्या पाया पडली.

पौर्णिमेसाठी दोन गाड्या जुंपून आम्ही औंढ्याला गेलो. जायला दोन दिवस लागले. देवळाच्या आवारात मोठ्या परातीत वाती ओतल्या, वर तूप घातलं आणि दिवेलागणीला दिरांनी आणि अक्कानं मिळून त्या पेटवल्या. चार महिन्यांचं काम, घरच्या सगळ्यांच्या भाकऱ्या थापायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात जळून गेलं. अक्का हात जोडून उभी होती. धुरानं तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ती पुसत नव्हती. मी पोराला घेऊन लांब उभी राहिले, कारण त्याला धूर सोसत नव्हता.

मग वर्ष गेलं. पुढच्या कार्तिकापर्यंत वाट बघू असं आत्याबाई म्हणाली होती, तशी तिनं बघितली. दर महिन्याला अक्का बाहेर बसली की आत्याबाई काही बोलायची नाही, नुसती तिच्याकडं बघायची. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. कार्तिक सरला आणि आत्याबाईनं आपल्या माहेरी निरोप धाडला. तिच्या भावकीत चौदा वर्षांची एक मुलगी होती. दुसरी करायची, हे ठरल्यासारखंच झालं. दीर काही बोलले नाहीत. ते कधीच काही बोलायचे नाहीत. चांगला माणूस म्हणून गावात त्यांचं नाव होतं.

ह्याच दिवसांत अक्काला माळ्यावर एक टोपलं सापडलं.

दुपारची वेळ होती. ती सरकी उतरवायला माळ्यावर चढली होती. मी खाली चुलीपुढं. ती टोपलं डोक्यावर घेऊन उतरली आणि माझ्यापुढं ठेवलं. आत जुना कापूस, उंदरांच्या लेंड्या आणि त्याखाली वातींच्या जुड्या. काही उंदरांनी कुरतडलेल्या, काही चांगल्या. सूत बांधायची तऱ्हा मधलीची होती. ती दोन गाठी मारायची.

"मोज," अक्का म्हणाली.

मी मोजल्या. चाळीस जुड्या होत्या.

"चाळीस विसा किती?"

"आठशे."

ती खाली बसली. मला वाटलं आता ही मधलीच्या नावानं ओरडणार. पण तिचं तोंड उजळलं होतं. एवढ्या वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती.

"म्हंजे लाख भरला न्हाई," ती म्हणाली. "धाकले, लाख भरलाच न्हाई की. आठशे कमी पडल्या. व्रत झालंच न्हाई."

मला तिचं म्हणणं लगेच कळलं. व्रत पुरं झालं आणि फळ नाही, तर दोष तिच्यात. व्रत अपुरं राहिलं तर दोष मोजणीत. मग पुन्हा व्रत धरायचं, पुन्हा चार महिने वाती, पुन्हा एक वर्ष वाट. तेवढ्यात सवत टळली असती. निदान दीड-दोन वर्षं लांबली असती, आणि दोन वर्षांत काय वाटेल ते होऊ शकतं.

"तू सांग आत्याबाईला," ती म्हणाली. "माझं ती ऐकायची न्हाई. म्हणंल, सवतीच्या भ्यानं बोलून राहिली. तू शिकलेली, तुझं ऐकंल."

"सांगते," मी म्हणाले.

मी सांगणार होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्या घडीला माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

संध्याकाळी गुरं यायच्या आधी आत्याबाई शेतातून आली. अक्कानं टोपलं अंगणात तिच्या पायाशी ठेवलं. मी सांगितलं, ह्या चाळीस जुड्या जळाल्या नाहीत. आत्याबाईनं एक जुडी उचलली, दोन गाठी बघितल्या आणि मधलीला हाक मारली.

"ह्या काय गं मधले?"

मधली आली, बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. शेवटच्या आठवड्यात तिचे न शिवायचे दिवस आले, त्याच्या आधीच तयार जुड्या तिनं पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून माळ्यावर ठेवल्या होत्या. चिंचोके तर आधीच पडले होते. पुढं ती विसरली.

"विसरले वो आत्याबाई. जाणूनबुजून केलं का?"

"विसरलीस? माझ्या लेकाचा वंश विसरलीस?"

"आता माझ्यावरच काहून येता? माझ्या वाती जळल्या असत्या तर लगेच पाळणा हलला असता व्हय?"

"तोंड सांभाळ."

"तोंड काय सांभाळू? मला तीन हायेत. मला काय गरज कुणाचं बुडवायची?"

अक्का मध्ये पडली. "न्हाई आत्याबाई, तिचा काई दोष न्हाई. व्हते चूक. आपण पुन्ना धरू की व्रत. मी येकली लाख वळते. हिला न्हाई, धाकलीला न्हाई, कुणाला तकलीफ नको."

"येकली कशी वळशील?" आत्याबाई म्हणाली. "चार महिन्यांत येकीच्या हातानं व्हतंय का? तिघींनीच वळायच्या. पुन्ना पयल्यापासून. माहेरचा निरोप थांबवते मी." आणि मधलीकडं बघून म्हणाली, "या येळेला चिंचोका नंतर, आधी जुडी माझ्या हातात."

निरोप थांबवते, हे ती म्हणाली. माझ्या कानांनी मी ऐकलं. अक्कानं पदर डोळ्याला लावला. काम झालं होतं. मी तिथून उठून चुलीकडं गेले असते तर सगळं तिथंच थांबलं असतं.

मी उठले नाही. मी माझा हात बघत होते. तळहाताचं कातडं परत आलं होतं, पण गुळगुळीत, पाण्यात घातलं की अजून झोंबायचं. मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पुढच्या चातुर्मासात एक पोर चालतं आणि एक अंगावर असणार होतं. आणि पुन्हा सोळाशे सहासष्ट जुड्या. रोज सोळा.

माझ्या तोंडून निघालं, "पण लाख भरलाय."

तिघीही माझ्याकडं बघायला लागल्या.

"आताच तर म्हणलीस आठशे कमी," आत्याबाई म्हणाली.

"त्या कमीच हायेत. पण दुसरीकडं जास्त झाल्या."

"कुठं?"

मी अक्काकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, तिला काही कळत नव्हतं. भिंतीला गोवऱ्यांची रास लागलेली होती. मी म्हणाले, "अक्का, त्यातल्या वीस गोवऱ्या मोजून काढा. वाती मोजत होता तशा."

तिला वाटलं असेल की मी तिच्यासाठीच काही करते आहे. ती लगेच उठली. एकेक गोवरी उचलून जमिनीवर मांडत गेली आणि मोठ्यानं मोजत गेली. "लाभ. एक. दोन. तीन." आवाज खणखणीत होता. वीस म्हणून तिनं शेवटची ठेवली आणि हात झटकले.

"आता तुमी मोजा," मी मधलीला म्हणाले.

मधलीनं त्याच गोवऱ्या पायानं एकेक सरकवत मोजल्या. "लाभ, दोन, तीन..." शेवटची सरकवली आणि थांबली. "एकवीस," ती म्हणाली.

"प्रत्येक जुडीत एकवीस," मी आत्याबाईला सांगितलं. "अक्काच्या सोळाशे अडुसष्ट जुड्या. जुडीमागं एक म्हंजे सोळाशे अडुसष्ट वाती जास्त. त्यातून मधलीच्या आठशे गेल्या. तरी आठशे अडुसष्ट उरतात. लाखावर आठशे अडुसष्ट."

हिशेब बरोबर होता. त्यानंतर मी तो किती वेळा केला असेल सांगता येणार नाही. दर वेळी एक लाख आठशे अडुसष्टच येतात.

आत्याबाईला आकडे कळले नसतील. पण गोवऱ्या तिच्या डोळ्यांपुढं होत्या. तिनं त्या बोटानं मोजल्या, विसानंतर एक उरली. मग म्हणाली, "म्हंजे भरला."

"भरला," मी म्हणाले.

"मंग देवानं ऐकलं, अन न्हाई म्हणला."

मधली हसली. आपल्यावरचं बालंट गेलं म्हणून हसली असेल, वाईट मनानं नाही. अक्का वाकली, शेवटची गोवरी उचलली आणि राशीवर परत ठेवली. "एक जास्त झाली," एवढंच म्हणाली. मग गुरं आली म्हणून ती गोठ्यात गेली.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होते की मी खरं बोलले. खोटं व्रत पुन्हा धरायला लावणं हे पाप झालं असतं, मधलीवर फुकटचा आळ राहिला असता, वगैरे. हे सगळं मी नंतर जमवलं. खरं एवढंच आहे की मला पुन्हा वाती वळायच्या नव्हत्या. आणि दुसरं म्हणजे मला ते येत होतं. चौथी पास होऊन मी त्या घरात शेण काढत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तीन माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती.

माघात नवी आली. हळदीला अक्कानंच जात्यावर हळद दळली आणि नवरीच्या अंगाला लावली. अक्काच्या भावानं तिला माहेरी नेलं नाही. त्याच्या बायकोनं आधीच सांगून ठेवलं होतं की आमच्याकडं जागा नाही. अक्काचं बिऱ्हाड माजघरातून गोठ्याशेजारच्या खोलीत गेलं. माझ्याशी तिनं बोलणं टाकलं नाही. कामापुरतं बोलायची. मला वाटलं होतं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकदाच, आम्ही दोघी ज्वारी निवडत होतो तेव्हा, वर न बघता तिनं विचारलं, "तुला पयल्यापासून ठाव व्हतं का, माझ्या जुडीत एकवीस हायेत म्हणून?"

"व्हतं," मी म्हणाले.

"मंग तवाच सांगायचं. मी बराबर वीस बांधल्या असत्या."

तिचं बरोबर होतं. तेव्हा सांगितलं असतं तर तिनं वीस बांधल्या असत्या, लाख आठशेनं कमी पडला असता आणि माझ्याकडं सांगायला काही राहिलं नसतं.

नवीलाही मूल झालं नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. आता दोष कुणात आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं, पण आमच्या घरात त्यावर कुणी अक्षर काढलं नाही. गोठ्याशेजारची खोलीही कुणी बदलली नाही. दीर पहिल्यासारखेच गप्प. नवीचं तोंड मात्र आता अक्कासारखं दिसायला लागलं होतं.

मग रझाकारांचे दिवस आले. आमच्या गावात काही झालं नाही, पण रोज नवी बातमी यायची आणि लोक हद्द ओलांडून वऱ्हाडात पाहुण्यांकडं जायला लागले. आमच्याही घरात ठरलं. गाड्या दोन. आत्याबाई, तीन भाऊ, मधली, मी, नवी आणि आमची पोरं. दाणे, भांडी, अंथरूणं. जनावरं सगळी नेता येत नव्हती. दुभत्या म्हशी आणि म्हातारे बैल मागं राहणार होते. सालगडी आणि त्याची बायको होती, पण घरचं माणूस कुणीतरी पाहिजे.

कुणी राहायचं ह्यावर चर्चा झाली नाही. आत्याबाई म्हणाली, "थोरले, तू ऱ्हा. तुझ्यामागं लेकरू न्हाई का बाळ न्हाई." अक्का म्हणाली, "ऱ्हाते." गाड्या निघाल्या तेव्हा ती म्हशीला पाणी दाखवत होती. माझ्या धाकट्यानं हात हलवला, तिनंही हलवला. मी गाडीत पाठ करून बसले होते, कारण मला तशीच जागा मिळाली होती.

हद्दीवरच्या नदीपलीकडं आम्ही सहा महिने काढले. दुसऱ्याच्या घरात सहा महिने हे फार असतात, पण ती वेगळी गोष्ट आहे. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं आणि पंधरवड्यानं आम्ही परत निघालो. गाडी वेशीत आली तशी सालगड्याची बायको समोरून येताना दिसली. तिनं आत्याबाईच्या पायावर डोकं ठेवलं. अक्काला जाऊन महिना झाला होता. हिवताप झाला होता. आठ दिवस ताप अंगावर काढला, त्यातही दोन्ही वेळा धारा काढल्या. नवव्या दिवशी उठली नाही. निरोप धाडायला माणूस मिळाला नाही, रस्ते बंद होते. सालगड्यानंच अग्नी दिला.

आत्याबाई आधी गोठ्यात गेली. जनावरं सगळी होती. म्हशींची अंगं चकचकीत होती. मग ती बाहेर येऊन ओसरीवर बसली आणि रडली. दीर अंगणात उभे राहिले. नवी आत जाऊन चूल पेटवायला लागली. मला रडू आलं नाही. मी गोठ्याशेजारची खोली उघडली. दोन लुगडी, एक वाकळ, एक तांब्या. एवढंच होतं. लुगडी सालगड्याच्या बायकोला दिली.

सुतक आम्ही ऐकल्या दिवसापासून धरलं. त्या दिवसांत एकदा मधली आणि मी गोठ्यात शेण काढत होतो. मधली थांबली आणि म्हणाली, "धाकले, तू त्या दिवशी बोलली नसतीस तर?"

"तर नवी आली नसती एवढ्यात. अन अक्का थोरल्या दिरांची येकलीच बायको म्हणून आपल्यासंग गाडीत असती."

"अन मागं कोण ऱ्हायलं असतं?"

 आत्याबाई राहिली नसती. पुरुष राहिले नसते.

"तुमी न्हाईतर मी," मी म्हणाले.

मधलीनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं पाटी माझ्या डोक्यावर दिली आणि मी शेण टाकायला उकिरड्याकडं गेले.